झांस्करच्या घळीत कायाक उतरवण्याआधी

लडाखमधल्या पदुमजवळ दोन नद्या एकत्र येतात. पेन्सी ला खिंडीलगतच्या द्रांग-द्रुंग हिमनदीतून निघालेली स्टोद एकीकडून येते आणि फुगताल गुंफेच्या पायथ्याशी वळसे घेत आलेली त्साराप दुसरीकडून. त्यांच्या संगमापासून पुढे वाहते ती झांस्कर. सुरुवातीला तिचं खोरं रुंद आहे. करशा, झांगला, पिडमो ही गावं, जवाची शेतं, वाळूचे पट्टे आणि फाटे फुटून पसरलेलं राखाडी पाणी. पुढे डोंगर जवळ येऊ लागतात, आणि मग निम्मूला सिंधूला मिळेपर्यंत नदीचा बहुतेक प्रवास उभ्या कातळांमधून होतो. हिवाळ्यात हेच पाणी गोठतं आणि त्यावरून माणसं चालत जातात, ती प्रसिद्ध 'चादर'. उन्हाळ्यात तिथेच भारतातल्या सर्वांत देखण्या कायाक सफरींपैकी एक होते.

गेल्या काही वर्षांत कोलाड आणि ऋषिकेशला कायाकिंग शिकलेली मराठी मुलंमुली मोठ्या संख्येने दिसतात. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : झांस्करला कधी जाऊ? हा लेख त्यांच्यासाठी आहे. कायाक कशी वल्हवायची हे इथे शिकवायचं नाही, ते पाण्यातच शिकायचं असतं. सफरीचा आराखडा कसा करावा, एवढंच सांगायचं आहे. त्यातही माझा एक आग्रह आहे. आराखडा करताना सुरुवात बाहेर पडण्याच्या वाटांपासून करा. पाणी जास्त असेल, कुणाची तब्येत बिघडली असेल किंवा नुसतंच कुणाचं मन मानत नसेल, तर कुठल्या जागी, कुठल्या दिवशी आणि कुणाच्या शब्दावर थांबता येईल हे आधी कागदावर यायला हवं. नदीत उतरायची जागा, तंबू, जेवण हे सगळं त्यानंतर.

नदीची श्रेणी आणि आपली तयारी

धावत्या पाण्याच्या अवघडपणाची आंतरराष्ट्रीय मोजणी एक ते सहा अशी आहे. पहिल्या श्रेणीचं पाणी नुसतं वाहतं, सहाव्या श्रेणीत जिवाची शाश्वती नसते. झांस्करची घळ साधारण पाण्याला तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत गणली जाते. आकडा ऐकून ऋषिकेशला शिकलेल्याला हायसं वाटतं, कारण गंगेवरचे 'रोलर कोस्टर' किंवा 'गोल्फ कोर्स' हे रॅपिड त्याने केलेले असतात. पण श्रेणी फक्त पाण्याबद्दल बोलते. पाणी किती थंड आहे, हवा किती विरळ आहे, रुग्णालय किती लांब आहे, हे तिच्यात येत नाही. गंगेत उलटलात, कायाकमधून बाहेर पडलात, तर काठावर रस्ता असतो, मागून दहा राफ्ट येत असतात. झांस्करच्या अरुंद भागात काठ म्हणजे कातळ, आणि मागून येणारं फक्त पाणी. म्हणून जाणती माणसं दुर्गम आणि गार नदीची श्रेणी मनातल्या मनात एकाने वाढवून घेतात. इथलं तिसऱ्या श्रेणीचं पाणी चौथीचं समजा.

मग आपण तयार आहोत हे ओळखायचं कसं? माझ्या मते कसोटी एकच आहे : उलटल्यावर, न ठरवता, खऱ्या रॅपिडमध्ये, दोन्ही बाजूंनी रोल मारून सरळ होता येतं का? तरणतलावातला रोल धरू नका. कोलाडच्या डोहातला, पाणी स्थिर असताना मित्र शेजारी उभा करून मारलेला रोलही धरू नका. नाकातोंडात पाणी गेलेलं असताना, वल्हं नीट हातात नसताना मारलेला रोल तेवढा खरा. दुसरी गोष्ट म्हणजे एडी. प्रवाहाच्या कडेला खडकामागे जे उलट फिरणारं शांत पाणी असतं, त्यात हव्या त्या क्षणी कायाक वळवून थांबता आलं पाहिजे. धावत्या नदीत थांबायची हीच सोय असते. ज्याला एडी पकडता येते त्याला पुढचं पाहून निर्णय घेता येतो. ज्याला येत नाही त्याच्या वतीने नदी निर्णय घेते.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना सरावासाठी कुंडलिका आहे, आणि ती फार उपयोगी आहे. मुळशी धरणाचं पाणी भिरा वीजनिर्मिती केंद्रातून खाली सुटतं, त्यामुळे कोलाडजवळचा बारा-एक किलोमीटरचा टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या पाण्याने भरतो. पाणी ठरावीक वेळी येतं, ठरावीक वेळी ओसरतं. तोच टप्पा पुन्हा पुन्हा करता येतो आणि प्रत्येक खडकामागची एडी पाठ होईपर्यंत करता येतो. त्यानंतर एक हंगाम ऋषिकेशला काढावा. पावसाळ्यानंतर, सप्टेंबर उलटला की तिथे शिकवणारे आणि शिकणारे दोघेही जमतात. कौडियाला ते शिवपुरी हा वरचा टप्पा मोठ्या लाटांची ओळख करून देतो. कुंडलिकेत खडक चुकवायला शिकता, गंगेत पाण्याचा दाब सोसायला. झांस्करला दोन्ही लागतं.

पाणी कधी चढतं

झांस्करचं पाणी पावसाचं नाही, बर्फाचं आहे. ती पर्जन्यछायेत आहे, म्हणून आपल्याकडे सगळं चिंब असताना तिथे लख्ख ऊन असतं. जून अखेरपासून बर्फ जोरात वितळू लागतं, जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्टची सुरुवात या काळात नदी सर्वांत भरलेली असते, आणि ऑगस्टच्या मध्यानंतर ती हळूहळू उतरते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ऑगस्टचा शेवटचा आठवडा आणि सप्टेंबरचे पहिले दिवस धरावेत असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री थंडी वाढलेली असते, काही लाटा लहान झालेल्या असतात, काही खडक उघडे पडून वाट जास्त बारकाईने शोधावी लागते. पण चूक झाली तर ती निस्तरायला नदी थोडा वेळ देते. ऐन जुलैत ती देत नाही.

याशिवाय रोजची भरती-ओहोटी आहे, आणि ती समजून घेण्यात नवख्यांची बरीच गफलत होते. दुपारी ऊन तापतं, हिमनदी वितळते, ते पाणी खाली येतं. हिमनदीजवळच्या ओढ्याला त्याच संध्याकाळी पूर येतो. पण मोठ्या नदीत हा फुगवटा खाली सरकायला वेळ लागतो, म्हणून घळीच्या एखाद्या भागात तो मध्यरात्री पोचतो आणि त्याही खाली पहाटे. "सकाळी पाणी कमी असतं" हे हिमालयातलं सरसकट वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कुठे आहात त्यावर ते अवलंबून आहे. उपाय अगदी साधा आहे. मुक्कामावर पोचलात की पाण्याच्या कडेला एक खुणेचा दगड ठेवा किंवा काठी रोवा. झोपण्यापूर्वी पाहा, रात्री उठलात तर पाहा, पहाटे पाहा, आणि वेळेसकट वहीत लिहा. दुसऱ्या दिवसापर्यंत नदीची चाल तुमच्या लक्षात येईल. कायाक मात्र पहिल्या रात्रीपासूनच पाण्यापासून लांब, उंचावर आणि बांधूनच ठेवायच्या.

राखाडी रंगाचंही लक्षात घ्या. त्या पाण्यात हिमनदीने दळलेल्या खडकाची पूड असते. पृष्ठभागाच्या वीतभर खालचा दगडही दिसत नाही, त्यामुळे वाचायचं ते फक्त पाण्याच्या वरच्या घडणीवरून. कुंडलिकेच्या स्वच्छ पाण्याची सवय झालेल्यांना याला दोन दिवस लागतात.

नेहमीच्या चढउतारापलीकडचंही काही घडू शकतं. 31 डिसेंबर 2014 रोजी फुगतालजवळ दरड कोसळून त्साराप अडली आणि मागे कित्येक किलोमीटर लांबीचं तळं साचलं. ते 7 मे 2015 रोजी फुटलं आणि खालच्या खोऱ्यातले पूल वाहून गेले. 2010 च्या ऑगस्टमध्ये, 5 तारखेच्या रात्री, लेह परिसरात ढगफुटी झाली आणि कोरड्या नाल्यांमधून चिखल-दगडांचा लोंढा गावांवर आला. पर्जन्यछायेतला प्रदेश म्हणून गाफील राहू नये, यासाठी ही दोन उदाहरणं पुरेशी आहेत. म्हणून पदुमला पोचल्यावर वरच्या अंगाची बातमी काढायची. कुठे दरड आहे का, कुठला पूल बंद आहे का, नदी अचानक ओसरली तर नाही ना? अचानक कमी झालेलं पाणी हे वाढलेल्या पाण्याइतकंच भीतीचं लक्षण आहे, कारण वर काहीतरी अडलेलं असू शकतं. आणि तंबू कधीही बाजूच्या नाल्याच्या तोंडाशी ठोकायचा नाही, तिथली वाळू कितीही सपाट असली तरी.

आधी उंची, मग नदी

लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे, पदुम त्याहून थोडं वर. मुंबई-पुण्याहून विमानाने थेट लेहला उतरणारा माणूस काही तासांत समुद्रसपाटीवरून इथे येतो. पहिले दोन-तीन दिवस विश्रांती, भरपूर पाणी आणि दारू अजिबात नाही, हा नियम ट्रेकिंगवाल्यांना ठाऊक असतो. कायाकवाले तो मोडतात, कारण नदी खाली वाहते आणि आपल्याला चढायचं नाही असं त्यांना वाटतं. पण रोल मारताना श्वास रोखावा लागतो. विरळ हवेत पहिला रोल चुकला की दुसऱ्यासाठी छातीत दम उरत नाही. उंचीचा त्रास कायाकिंगमध्ये ट्रेकिंगपेक्षाही लवकर अंगाशी येतो तो असा. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं यांपैकी काही असेल तर त्या माणसाने पाण्यात उतरायचं नाही. झोकांड्या जात असतील किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर त्याला ताबडतोब खाली आणि डॉक्टरकडे न्यायचं. ॲसिटाझोलामाइड घ्यायची की नाही हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आता एक नवा धोका आहे, रस्त्यामुळे आलेला. सीमा रस्ते संघटनेचा निम्मू–पदुम–दारचा हा 298 किलोमीटरचा रस्ता 2024 मध्ये जोडला गेला. त्यामुळे मनालीहून दारचा, तिथून 5,000 मीटरपेक्षा उंच शिंकू ला ओलांडून थेट पदुमला उतरता येतं. दोन दिवस वाचतात, आणि म्हणूनच हा मोह वाईट. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास आहे. तिथून निघालेलं शरीर तयार नसताना पाच हजारांवर चढवायचं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात घालायचं, असा प्रवास होतो. या वाटेने यायचंच असेल तर केलांग-जिस्पा भागात दोन रात्री काढा.

माझी शिफारस लेहमार्गेची आहे, आणि तिला आणखी एक कारण आहे. विश्रांतीचे दिवस संपले की लेहजवळच दोन टप्पे करून पाहता येतात. पहिला सिंधूवरचा, फे ते निम्मू. सोपं पाणी, त्यात थंडीची आणि रंगाची ओळख होते. दुसरा झांस्करचाच शेवटचा टप्पा, चिलिंग ते निम्मू, जिथे रोज व्यावसायिक राफ्ट सुटतात. तिसऱ्या श्रेणीचं पाणी, शेजारी रस्ता आणि आजूबाजूला मदत. हा टप्पा ज्याला ताण न घेता जमला नाही, त्याने पदुमहून उतरू नये. हे वाक्य गटातल्या सर्वांनी पुण्यात किंवा मुंबईतच मान्य केलेलं असावं, म्हणजे लेहमध्ये त्यावरून रुसवेफुगवे होत नाहीत. ज्याला थांबावं लागेल तो गाडीसोबत खालून येतो, चिलिंगला भेटतो. त्याच्यासाठी ही सोय आराखड्यात पहिल्यापासून असेल तर थांबण्यात कमीपणा राहत नाही.

बाहेर पडण्याच्या वाटा

मोठा नकाशा पसरा आणि पदुमपासून निम्मूपर्यंतच्या नदीवर बोट ठेवून खाली सरकत जा. सुरुवात कुठून करता त्यानुसार हे अंतर सव्वाशे ते दीडशे किलोमीटर भरतं. प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारा : इथे कुणाचा खांदा निखळला तर त्याला कसं नेणार? पिडमोपर्यंत उत्तर सोपं आहे, गावं आहेत, गाड्या आहेत. घळीत नेरक हा मोठा आधार. तिथे गाव आहे, पूल आहे. चिलिंगला पुन्हा वस्ती आणि लेहकडे जाणारा रस्ता. या जागांच्या मधले पट्टे लाल पेन्सिलीने रंगवा. त्या पट्ट्यांत सर्वांत सावध राहायचं, वाट काढताना हिंमत दाखवायची नाही, आणि रॅपिड मोठा वाटला तर कायाक खांद्यावर घेऊन काठाने पुढे जायचं.

नव्या रस्त्याने हे गणित सोपं झालं आहे हे खरं. पूर्वी घळीत शिरलं की तीन-चार दिवस जगाशी संबंध तुटायचा. आता बऱ्याच ठिकाणी वर रस्ता दिसतो. पण रस्ता दिसणं आणि रस्त्यावर पोचणं यात कित्येक ठिकाणी उभा, ढासळता उतार आहे. तो रस्ता दरडींनी बंदही पडतो. शिवाय रस्त्यासाठी डोंगर फोडला की राडारोडा नदीत जातो आणि रॅपिडची घडण बदलते. चार वर्षांपूर्वी कुणी केलेलं वर्णन, कुणी काढलेला व्हिडिओ यावर विसंबून 'डावीकडून जायचं' असं घोकून जाऊ नका. यंदा तिथून गेलेल्या माणसाला विचारा, आणि तरीही प्रत्येक मोठ्या वळणाआधी थांबून, उतरून, चालत जाऊन पाहा.

दिवसांचा हिशेब असा करा : पाण्यावर चार किंवा पाच दिवस, त्यांवर दोन दिवस राखीव. पदुमच्या खालच्या मोकळ्या खोऱ्यात दुपारनंतर समोरून जोरदार वारा येतो. म्हणून तो टप्पा सकाळी लवकर उरकावा. राखीव दिवस कुठे वापरायचे हे आधी ठरवू नये. पाणी चढलं तर बसून राहण्यासाठी ते असतात. ज्या गटाचं परतीचं विमान निम्मूला पोचण्याच्या दुसऱ्याच सकाळी असतं, तो गट चढलेल्या पाण्यातही निघतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून आराखड्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद परतीच्या तिकिटाचा आहे, असं मी म्हणतो.

माणसं

चारपेक्षा कमी कायाकवाल्यांनी जाऊ नये. एकाला लागलं तर दुसरा त्याच्याजवळ राहतो आणि उरलेले दोघे एकमेकांच्या सोबतीने मदत आणायला जातात. आठपेक्षा जास्त झाले तर एडीत जागा पुरत नाही आणि गट लांबतो. सोबत एक सामानाची राफ्ट असावी, अनुभवी वाटाड्यासह. काहींना यात साहस कमी झाल्यासारखं वाटतं. मला ते पटत नाही. तंबू, शिधा, स्टोव्ह कायाकमध्ये कोंबला की ती जड होते, रोल कठीण होतो, आणि जखमी माणसाला झोपवून न्यायला काहीच राहत नाही. लेहमधल्या संस्थांकडे लडाखी, नेपाळी, गढवाली वाटाडे असतात. संस्था निवडताना दराच्या आधी वाटाड्याबद्दल विचारा. बचावाचं प्रशिक्षण कुठे घेतलं, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र कधीचं आहे, या हंगामात घळीत तो किती वेळा उतरला? चांगल्या वाटाड्याला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

गटात प्रमुख एकच असावा. पण थांबण्याचा अधिकार प्रत्येकाला. "मला हा रॅपिड नको" असं कुणी म्हटलं की कारण विचारायचं नाही, त्याने कायाक उचलायची आणि एकाने त्याच्याबरोबर चालायचं. पाण्यावर बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खुणा पक्क्या करा. वल्हं उभं धरलं तर या. डोक्यावर आडवं धरलं तर थांबा. बोट किंवा वल्हं नेहमी ज्या बाजूने जायचं तिकडे दाखवायचं, धोक्याकडे कधीही नाही. शिट्टी एकदा वाजली तर लक्ष द्या, तीनदा वाजली तर संकट. डोक्यावर हाताने थोपटलं तर "मी ठीक आहे". या खुणा कोलाडच्या सरावातच अंगवळणी पाडा.

पाण्यात पडलेल्याने काय करायचं हेही सगळ्यांना झोपेत आठवलं पाहिजे. उताणं व्हा, पाय पुढे आणि पृष्ठभागाजवळ ठेवा, काठाकडे तिरकं पोहा. प्रवाहात उभं राहायचा प्रयत्न करू नका. दोन दगडांत पाऊल अडकलं तर कमरेइतकं पाणीही माणसाला खाली दाबून धरतं. थंडीचं गणित डॉक्टर ढोबळमानाने असं मांडतात : गार पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं, पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपण्याइतकं अंग गारठायला साधारण तास. म्हणजे दोर पकडायला माणसाकडे मिनिटंच असतात. वाचवणाऱ्यांचा क्रम ठरलेला असावा : आधी स्वतः, मग सोबती, मग बुडणारा, आणि वस्तू सर्वांत शेवटी. वल्हं गेलं तर जाऊ दे.

सामान

सगळी यादी देत नाही, ती कुठलाही प्रशिक्षक देईल. ज्यात हयगय होते तेवढंच सांगतो.

कायाक क्रीक बोट किंवा भरीव पोटाची रिव्हर रनर असावी, अडीच मीटरच्या आसपास. खेळण्यासाठीच्या बुटक्या कायाक इथे कामाच्या नाहीत. लेहला भाड्याने मिळतात, पण आधी फोटो मागवा आणि पोचल्यावर बसून, पायटेकू सरकवून, पाण्यात उलटून पाहा. आपलीच न्यायची असेल तर विमान कंपनीकडून लेखी होकार घ्या. विरळ हवेमुळे लेहच्या विमानांत वजनाला मर्यादा येतात आणि लांब वस्तू मागे राहतात.

गार पाण्यासाठी ड्राय सूट उत्तम. परवडत नसेल तर जाड वेटसूटवर ड्राय टॉप आणि आत लोकरीचे किंवा सिंथेटिक थर. सुती कपडा अंगाला लागता कामा नये. लाइफ जॅकेट धावत्या पाण्याचं, बचावाच्या पट्ट्याचं असेल तर फारच चांगलं. हेल्मेट, नाकाची क्लिप, बळकट बूट. प्रत्येकाकडे पंधरा-वीस मीटरचा फेकदोर हवा, आणि तो आठवड्यातून एकदा फेकून ओला करून पुन्हा भरलेला हवा. पिशवीत वर्षभर आवळून पडलेला दोर फेकल्यावर गोळा होऊन पडतो. गटात दोन जोडवल्ही, अडकलेली कायाक ओढण्यासाठी कॅराबिनर, पुली, पट्टे आणि प्रुसिक. प्लास्टिक फाटलं तर चिकटवायला जाड टेप.

पाण्याचा गाळ बसवायला बादली आणि तुरटीचा खडा घ्या. गाळ खाली बसला की वरचं पाणी गाळून उकळा. त्या उंचीवर पाणी 87-88 अंशांनाच उकळतं. प्यायला ते चालतं, पण डाळ-तांदूळ शिजत नाहीत, म्हणून प्रेशर कुकर राफ्टवर हवाच. गॅसच्या छोट्या टाक्या विमानात चालत नाहीत, लेहच्या बाजारात घ्या.

कागदपत्रं आणि निरोप

लडाखमधले परवान्याचे आणि पर्यावरण शुल्काचे नियम बदलत राहतात. निघण्याच्या आठवड्यात लेहच्या प्रशासनाच्या संकेतस्थळावर पाहा आणि ओळखपत्राच्या चार-सहा प्रती जवळ ठेवा. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं, आणि तेही घळीत निरुपयोगी.

इथे एक गंभीर इशारा. भारतात सरकारी परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं बेकायदा आहे आणि परदेशात सर्रास मिळणारे सॅटेलाइट मेसेंजरही त्याच नियमात सापडतात. अमेरिकेतून किंवा युरोपातून येणारे आपले मराठी मित्र ते सवयीने बॅगेत टाकतात आणि विमानतळावर अडचणीत येतात. सीमेजवळच्या प्रदेशात ही बाब हलकी घेतली जात नाही. संस्थेकडे रीतसर परवाना असलेला फोन आहे का ते विचारा. नसेल तर आपण संपर्काबाहेर आहोत असं धरूनच बाकीचा आराखडा करा.

अशा वेळी कामाला येतो तो लेहमध्ये मागे ठेवलेला माणूस. त्याच्याकडे एक कागद हवा : कोण कोण गेलं, रक्तगट, कुणाला कसली ॲलर्जी, रोजचा मुक्काम कुठे, बाहेर पडण्याच्या जागा कुठल्या, आणि कुठल्या तारखेला किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्याने कुणाला कळवायचं. ही मुदत राखीव दिवस धरून लिहा, नाहीतर तुम्ही नेरकला पाणी उतरण्याची वाट पाहत बसलेले असाल आणि इकडे शोध सुरू होईल. पदुमला आरोग्य केंद्र आहे. मोठी दुखापत असेल तर लेहचं सोनम नोरबू स्मृती रुग्णालय गाठावं लागतं. हेलिकॉप्टर प्रशासनामार्फत आणि हवामान असेल तरच येतं, आणि घळीत ते उतरू शकेल अशा जागा फार थोड्या. विमा घेताना साहसी खेळ आणि उंची या दोन्ही अटी शब्दन् शब्द वाचा. बऱ्याच पॉलिसी दोन्ही वगळतात.

गावांबद्दल थोडं. नदीकाठचं सपाट हिरवं कुरण मुक्कामाला छान दिसतं, पण ते कुणाच्या तरी जनावरांच्या हिवाळ्याच्या चाऱ्याचं असतं. तिथे गवत वर्षातून एकदाच वाढतं. विचारल्याशिवाय तंबू ठोकू नका. विचारलंत तर बहुधा चहाही मिळतो. काठावरची वाळलेली झुडपं जळणाला तोडू नका, स्टोव्ह वापरा. कचरा राफ्टवर परत. शौचाची सोयही बंद डब्यात करून सोबत न्यायची. घळीत मुक्कामाच्या जागा मोजक्या आहेत, आणि प्रत्येक तुकडी त्याच वाळूवर झोपते.

निम्मूची उतरण्याची जागा आधीच गाडीने जाऊन पाहून ठेवा, नदीतून ती वेगळी दिसते. काठाला लागल्यावर कपडे बदलण्याच्याही आधी लेहमधल्या माणसाला फोन करा. आणि त्याच संध्याकाळी तिथल्या राफ्टवाल्यांकडे जाऊन सांगा की कुठे नवी दरड पडली आहे, कुठला मुक्काम पाण्याखाली गेला आहे, रोज पाणी किती वाजता चढत होतं. त्यांची पुढची तुकडी बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी पदुमकडे निघायची असते.